पत्रांत बैल, पाऊस आणि पैसे आहेत. प्रेम कुठून आणू?

आजी-आजोबांच्या पत्रांवर कादंबरी लिहू पाहणाऱ्या एका ताईंनी हा प्रश्न पाठवला आहे. तो लांब आहे, म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडते. काही चुकलं तर ताईंनी दुरुस्त करावं. आजी खटाव तालुक्यातल्या. १९४० च्या वैशाखात, पंधराव्या वर्षी लग्न झालं. आजोबा मराठा पलटणीत शिपाई. १९४१ मध्ये ते बोटीत बसले, जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत टोब्रुकला पकडले गेले, आणि घरी बराच काळ ते गेलेच असं धरून चालले होते. मग कधीतरी रेडक्रॉसचं एक कार्ड आलं. १९४५ च्या अखेरीस माणूस दारात उभा राहिला. आजी वारल्यावर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत अकरा पत्रं, ते कार्ड, सासऱ्यांच्या नावावर आलेल्या मनिऑर्डरींची सात कुपणं आणि एक फोटो सापडला. ताईंना यावर प्रेमकथा लिहायची आहे. साठ पानं लिहून झालीत, पण ती 'इतिहासाच्या धड्यासारखी' वाटतात. पत्रांत प्रेमाचा एक शब्द नाही. त्यात आत्या म्हणतात, आईची अब्रू वेशीवर टांगू नकोस, कारण पत्रं वाचून दाखवायला जे मास्तर घरी यायचे त्यांच्यावरून गावात तेव्हा कुजबूज होती. शेवटी त्या विचारतात, किती खरं ठेवू आणि किती मनाचं घालू?

मी अशा दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि गेली अठरा-एकोणीस वर्षं इतरांची हस्तलिखितं वाचते आहे. 'किती खरं, किती मनाचं' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरगुती कादंबरीसोबत येतो. त्याचं उत्तर घराघरावर अवलंबून असतं: कोण हयात आहे, गाव किती लहान आहे, तुमच्यात आणि नातेवाइकांत आधीच काय बिनसलेलं आहे. त्यावर खाली बोलते. पण तुमचं घोडं तिथे अडलेलं नाही असं मला वाटतं. तुम्ही दाखवलेली चार पानं वाचली. तुम्ही प्रेम अशा जागी शोधताय जिथे ते ठेवायला जागाच नव्हती, आणि आजोबा परत येणार हे तुम्हाला पहिल्या पानापासून माहीत आहे. आजीला ते माहीत नव्हतं. साठ पानं धड्यासारखी वाटतात ती यामुळे.

आधी पत्रांचं बघू. १९४१-४२ मध्ये शिपायाचं पत्र घरी येईपर्यंत किती जणांच्या हातांतून जायचं, हे मोजा. पलटणीतल्या पुष्कळांना लिहिता येत नव्हतं. त्यांचं पत्र दुसरा कुणीतरी लिहायचा, म्हणजे सांगणाऱ्याला ते मोठ्यानं सांगावं लागायचं, आजूबाजूला चार जण बसलेले असताना. मग सेन्सॉर. जागेचं नाव, बोटीचं नाव, पलटण कुठे हलली, सगळ्यावर काट किंवा काळी शाई. मग पोस्टमन. मग वाचून दाखवणारा, तुमच्या गोष्टीत मास्तर. आणि ऐकायला कोण? सासरा ओसरीवर, सासू उंबऱ्यात, दीर खांबाला टेकून, आणि जिचा नवरा ती स्वयंपाकघराच्या दाराआड. मायना 'तीर्थरूप आबा यांस शिरसाष्टांग नमस्कार', पुढे 'पत्रास कारण की', आणि शेवटी 'घरच्या सर्व मंडळींस यथायोग्य'. 'घरची मंडळी' या दोन शब्दांत बायको बसलेली असायची. याहून जास्त लिहिलं असतं तर त्या माणसाचं गावभर हसं झालं असतं आणि त्या पोरीचं घरात जगणं अवघड झालं असतं.

म्हणजे पत्रात प्रेम नाही याचा अर्थ प्रेम नव्हतं असा होत नाही, होतं असाही होत नाही. अर्थ एवढाच, की ते पत्र तिच्यासाठी नव्हतंच. बैल, पाऊस, पैसे हे सासऱ्याशी बोलणं होतं. तुमची नायिका ते चोरून ऐकते आहे. इथे कादंबरी आहे. चोरून ऐकणारी बाई काय करते? एकाच वाक्याला दहा दिवस चघळते. 'तांबड्या बैलाची काळजी घेणे' असं त्यानं लिहिलं असेल, आणि त्या बैलाला चारा ती घालत असेल, तर ते वाक्य कुणासाठी होतं? तुमच्या अकरा पत्रांत असं एखादं वाक्य आहे का बघा. मी मुद्दाम 'बघा' म्हणते आहे, 'घाला' नाही. खऱ्या पत्रात सापडलं तर ते दहा बनावट प्रेमपत्रांपेक्षा जड आहे. नाही सापडलं तर खुशाल घाला, फक्त पत्र त्याच जातीचं ठेवा: कोरडं, घाईचं, चार लोकांत सांगितलेलं. आज हस्तलिखितांत जी युद्धकाळातली पत्रं येतात त्यांत खेड्यातला शिपाई बायकोला 'प्रिये' म्हणतो आणि वाळवंटातल्या चांदण्यावर पानभर लिहितो. तिथे मी पेन खाली ठेवते.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आहे, ती तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. मनिऑर्डर सासऱ्यांच्या नावावर यायची, मग कुपणं आजीच्या ट्रंकेत कशी? पैसे हातात पडले, सही किंवा अंगठा झाला, की ते कुपण म्हणजे कागदाचा कपटा. त्याची किंमत शून्य. पत्रं जपली जातात, त्यात घरातल्या सगळ्यांचं काहीतरी असतं. कुपण कोण जपतं? एक तर सासऱ्यानं तिला दिलं, न बोलता, म्हणजे तो माणूस तुम्ही रंगवलाय तितका कठोर नाही. किंवा तिनं ते चुलीजवळून उचललं. किंवा मास्तरांनी दिलं. तीन शक्यता, तीन वेगळ्या कादंबऱ्या. मी तुमच्या जागी असते तर टोब्रुकची लढाई बाजूला ठेवून पहिलं प्रकरण इथून सुरू केलं असतं.

आता धड्याचं. माझ्या पहिल्या कादंबरीची नायिका मुंबईत माझगावच्या चाळीत राहायची आणि १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट हा त्या पुस्तकाचा मध्य होता. मी दोन वर्षं वाचन केलं. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज, त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि त्याच जहाजावर कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा, दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट, अग्निशमन दलाचे ६६ जण मेले. सगळं घातलं, चाळीस पानं भरली. माझ्या संपादकांनी त्यांतली चौतीस काढून टाकली आणि समासात लिहिलं, 'हे तिला कधी कळलं?' मला राग आला, पण उत्तर नव्हतं. तिला जहाजाचं नाव कळायचं काही कारण नव्हतं. बातम्यांवर सेन्सॉर होता. तिला कळलं ते इतकंच, की तावदानं फुटली, आणि थोड्या वेळानं आभाळातून पेटलेला कापूस पडायला लागला. जपान्यांनी बॉम्ब टाकले असं ती रात्रभर समजत होती. त्या सहा पानांवर आजही वाचकांचे फोन येतात.

तेव्हापासून मी एक कॅलेंडर करते. भिंतीवर एक मोठा कागद, त्यावर महिने. त्यात घटना घडल्याची तारीख लिहायची नाही, ती बातमी त्या घराच्या ओसरीवर पोचल्याची तारीख लिहायची. तुमच्यासाठी मी १९४२ चा उन्हाळा-पावसाळा मांडून बघितला आणि मलाच शहारा आला. २१ जूनला टोब्रुक पडलं. पकडलेल्या सुमारे तेहतीस हजार सैनिकांत मराठा पलटणीची दुसरी बटालियन, 'काली पांचवी', होती. तुमच्या घरी त्या दिवशी काहीच घडलं नाही. मृगाच्या पेरण्या झाल्या असतील नाही तर लांबल्या असतील, इतकंच. मग केव्हातरी तार आली. त्या काळात खेड्यात तार म्हणजे मरणच. तार वाचण्याआधी बायका रडायला लागायच्या. ती इंग्रजीत, वाचायला पुन्हा मास्तर, आणि मजकूर 'मिसिंग'. या शब्दाला ओसरीवर मराठी काय करणार? 'सापडत नाही'? 'हरवला'? वाचणाऱ्यानं त्या क्षणी जो शब्द निवडला त्यावर त्या पोरीचं कपाळ अवलंबून. कुंकू ठेवायचं की पुसायचं, हे कुणी ठरवलं? किती दिवस ठरवलं नाही? आत्यांना काही विचारायचंच असेल तर हे विचारा.

आणि आता पुढचं बघा. ९ ऑगस्टला नेत्यांची धरपकड. १ सप्टेंबरपासून सरकारनं घड्याळं एक तास पुढे केली, ती लढाई संपल्यावरही, १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, तशीच राहिली. ९ सप्टेंबरला तुमच्याच तालुक्याच्या गावी, वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे लोक पडले. म्हणजे ज्या सरकारच्या पलटणीत घरचा मुलगा हरवला, त्याच सरकारच्या पोलिसांनी शेजारच्या गावातली पोरं मारली, तीही त्याच पावसाळ्यात. ते घर कुणाच्या बाजूचं? मुलगा सरकारचा शिपाई म्हणून गावात कुणी बोललं असेल का? मुलगा हरवला म्हणून तेच तोंड गप्प बसलं असेल का? तुम्ही साठ पानांत 'चले जाव' चळवळीवर दीड पान दिलंय आणि त्यात मुंबईचं गवालिया टँक आहे, वडूज नाही. वडूज त्यांच्या पायाखालची वाट होती. गवालिया टँक तुमच्या शाळेच्या पुस्तकातून आलं.

घड्याळाचा तास मला स्वतःला फार आवडतो. खेड्यात घड्याळ मोजक्या जागी: शाळा, पोस्ट, एखाद्या सावकाराकडे. सूर्य तसाच, शाळेची घंटा तासभर आधी. ती बाई मनात त्याला किती वाजले असतील याचा हिशोब करत असेल, तर सरकारनं तिचा हिशोबही बिघडवला. वापरा, पण एकदाच. असे तपशील लोणच्यासारखे असतात, ताटभर वाढले तर जेवण होत नाही.

बाकीचा काळ कसा उभा करायचा, तर पोटापाण्यातून. मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यावर ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. त्याची झळ कोकण-मुंबईला जास्त, तुमच्या ज्वारी-बाजरीच्या मुलखाला वेगळ्या तऱ्हेनं लागली. मुंबईत १९४३ मध्ये रेशन आलं आणि खेड्यात लेव्ही, म्हणजे पिकवलेल्या धान्यातला वाटा सरकारजमा. रॉकेल मिळेना, म्हणून रात्री लवकर अंधार. कापड मिळेना. १९४३ पासून तांबं वाचवायला भोकाचा पैसा निघाला. लहान पोरं तो करदोट्यात ओवायची. रेल्वे तुमच्याकडे एम.एस.एम. (मद्रास अँड सदर्न मराठा) कंपनीची, पुणे-मिरज, मीटर गेज. परवाच एका हस्तलिखितात सातारा रोडवर ब्रॉडगेजची गाडी उभी होती. अशा चुका वाचक लगेच पकडतात आणि मग खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाहीत. आणखी एक. चावडीच्या भिंतीवर 'या गावातून इतकी माणसं लढाईला गेली' अशी संगमरवरी पाटी असेल तर तारीख नीट बघा. त्या पाट्या बहुतेक १९१४-१९ च्या असतात. तुमच्या आजोबांच्या लढाईशी त्यांचा संबंध नाही, पण त्यांच्या आज्याशी किंवा चुलत आज्याशी असू शकतो. साताऱ्यातलं आपशिंगे तर या भरतीमुळे 'आपशिंगे मिलिटरी' झालं. भरतीची ही जुनी सवय तुमच्या घरातही असणार. 'पोरगा पलटणीत' ही तिथे नवी गोष्ट नव्हती.

आता एका मोहाबद्दल. आजोबांचं पुढे काय झालं ते तुम्ही शोधणार, आणि शोधायलाच हवं. टोब्रुकचे भारतीय कैदी इटलीत गेले, आवेझ्झानोला त्यांची छावणी होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शस्त्रं ठेवली तेव्हा काही डोंगरांत पळाले, पुष्कळ जर्मनांच्या हाती लागले. मे १९४४ मध्ये फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर अमेरिकन बॉम्ब पडले तेव्हा शेकडो भारतीय कैदी निसटले आणि चालत स्वित्झर्लंडला पोचले. बर्लिनमध्ये सुभाषबाबूंची माणसं कैद्यांतून फौज उभी करत होती, म्हणजे छावणीतल्या प्रत्येकाला कधीतरी उत्तर द्यावं लागलं असेल. काय जबरदस्त सामग्री आहे! आणि तुमच्या कादंबरीत यातलं एक पानही प्रसंग म्हणून नको. तुम्ही घरी राहिलेल्यांची गोष्ट लिहिताय. नायिका खटावात असताना वाचकाला विमानानं इटलीत नेलं, की वाट बघणं संपलं. तो जिवंत आहे हे वाचकाला तिच्याआधी कळलं तर पुढची शंभर पानं नुसती औपचारिकता. आजोबांचं सगळं तुम्हाला माहीत असू दे, म्हणजे परत आलेला माणूस कशाला दचकतो, काय खात नाही, हे तुम्ही नेमकं लिहाल. कारण सांगू नका. आजीला तरी त्यानं कुठे सांगितलं असेल?

तशीच सूचना वळिवड्याबद्दल. कुणीतरी तुम्हाला सुचवलंय की कोल्हापूरजवळच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीतली एक मुलगी कथेत आणा. छावणी खरी आहे, १९४३ पासून सुमारे पाच हजार लोक तिथे होते. पण ती वेगळी कादंबरी आहे. ती त्या सुचवणाऱ्यालाच लिहू द्या.

मास्तर. इथे आत्यांची भीती आणि तुमची भीती एकच आहे, फक्त उलट बाजूंनी. आत्यांना वाटतं तुम्ही लफडं लिहाल, तुम्हाला वाटतं लफडं नाही लिहिलं तर कादंबरी मिळमिळीत होईल. मला दोन्ही पटत नाही. विचार करा: व्हर्नाक्युलर फायनल (तेव्हाची सातवीची परीक्षा) झालेला, लोकल बोर्डाच्या शाळेतला पंचवीस-तीस वर्षांचा माणूस. तो महिन्यातून एकदा एका पोरीच्या नवऱ्याचे शब्द स्वतःच्या तोंडून बोलतो. दाराआड ती ऐकते आहे हे त्याला माहीत आहे. आवाज त्याचा, शब्द दुसऱ्याचे. तो एखादं वाक्य जरा सावकाश वाचेल का? एखादं गाळेल का? नवऱ्यानं लिहिलेलं नसलेलं एखादं 'तब्येतीस जपणे' पदरचं घालेल का? आणि तार आल्यावर, पत्रं बंद झाल्यावर, त्याला त्या ओसरीवर यायचं कारणच उरत नाही. मग तो कुठल्या निमित्तानं येतो, किंवा येत नाही? हात धरायची गरज नाही, नजरही भिडवायची गरज नाही. त्या घरात, त्या सालात, एका वाक्याचा वेग बदलणं हीच मोठी घटना होती.

परिसरही मदतीला येतो. १९४३ पासून साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. त्याची न्यायदान मंडळं होती, आणि कमी खर्चाची, हुंड्याशिवायची 'गांधी लग्नं' त्यांनी लावली. सरकारी शाळेतला मास्तर दिवसा शिपायाच्या घरी सरकारी कागद वाचतोय आणि रात्री भूमिगतांचे निरोप पोचवतोय, हे अशक्य नाही. पण हे तुमच्या मास्तरांबद्दल खरं होतं असा दावा कुठे करू नका, अगदी मनोगतातसुद्धा. त्यांचेही नातू आहेत.

म्हणून नावं, गाव, नाती बदला. नुसतं नाव बदलून भागत नाही. 'पत्र वाचणारा मास्तर' म्हटलं की गावाला कळतंच. मास्तराऐवजी तलाठी करा, किंवा दुसऱ्या तालुक्यातला निवृत्त पोस्टमन. पण गाव बदललंत आणि वडूजपासून लांब गेलात तर पावसाळ्याची ती घट्ट वीण सुटेल. मी असते तर तालुका ठेवला असता, गाव कल्पित केलं असतं. पत्रं शब्दशः छापायची असतील तर आणखी एक व्यवहार सांभाळा: कागद ट्रंकेच्या मालकाचा, पण मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. आजोबांचे वारस तुम्ही एकट्या नाही. आत्या आहेत, काका असतील. दोन ओळींची लेखी संमती सगळ्यांकडून घ्या, आणि हस्तलिखित पूर्ण व्हायच्या आधी घ्या. माझ्या ओळखीत एका लेखिकेचं छापून तयार पुस्तक चुलतभावाच्या एका नोटिशीवर आठ महिने गोडाऊनमध्ये पडलं.

आत्यांना हस्तलिखितावर नकाराधिकार देऊ नका, पण 'तीन गोष्टी सांगा, त्या मी लिहिणार नाही' असं विचारा. मी हे चार घरांत केलं आहे. माणसं तीन सांगायला बसतात, दुसरीपाशी थांबतात, आणि मग आपणहून जे बोलतात ते तुम्हाला कुठल्याही प्रश्नानं मिळालं नसतं. 'तेव्हा कसं होतं हो?' असं विचारलं की 'लई वाईट दिवस' एवढंच मिळतं. 'संध्याकाळी दिवा कोण लावायचं, काड्यापेटी कुणाकडे असायची?' असं विचारा. हातात एखादी वस्तू द्या. आणि साल कुणाच्याच आठवणीवर सोडू नका. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात लढाईतली टंचाई आणि बहात्तरचा दुष्काळ सहज एकमेकांत मिसळतात. मी एकदा बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी १९४३ मध्ये वाटली आहे, छापून.

कागदपत्रांसाठी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला नात म्हणून अर्ज करा, आजोबांचा सैनिक क्रमांक फोटोच्या मागे किंवा पेन्शनच्या कागदावर सापडेल. त्यांच्या तुकडीतले जे परत आले नाहीत त्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आहे. पुष्कळ नोंदींत बापाचं, गावाचं, कधी बायकोचंही नाव असतं, इंग्रजांनी ऐकलं तसं लिहिलेलं. एक दिवस ती नावं नुसती मोठ्यानं वाचा. सेन्सॉरनं शिपायांच्या पत्रांतून काढलेले उतारे लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण इंग्रजी अनुवादात. त्यांचं परत मराठी करताना मायन्यासकट शिपायाच्या तोंडचं करा, नाही तर खटावचा गडी साहेबासारखा बोलेल. बायकांच्या बाजूसाठी मात्र जात्यावरच्या ओव्यांसारखं दुसरं काही नाही. 'पारी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर लाखाहून जास्त ओव्यांचा संग्रह आहे, काही ऐकताही येतात. ओवीत भाऊ भरभरून येतो, आई-बाप येतात, लेक येते. नवरा फार आडून येतो. तुमच्या नायिकेनं नवऱ्याची काळजी भावाच्या ओवीत घालून गायली, तर सासूला कळणार नाही आणि वाचकाला कळेल.

भाषा. तेव्हा कुणी 'दुसरं महायुद्ध' म्हणत नव्हतं. 'लढाई' म्हणायचे, फार तर 'जर्मनची लढाई'. निवेदन तुमच्या आजच्या भाषेत ठेवा, संवादात 'व्हय', 'न्हाई', 'कवा' इतपत बोली पुरे. प्रत्येक शब्द मोडून लिहिलात तर सातारचा वाचकही अडखळतो. आणि ती नवऱ्याचं नाव घेणार नाही. अख्ख्या कादंबरीत घेणार नाही, फक्त उखाण्यात. तो हरवलेला असताना हळदीकुंकवाला कुणी तिला उखाणा घ्यायला सांगितलं तर काय होईल, एवढ्या एका प्रसंगासाठी मी तुमचं पुस्तक विकत घेईन.

आता शेवटाकडे, म्हणजे तुमच्या शेवटाकडे. तुम्ही आराखड्यात तो दारात येतो तिथे थांबला आहात. प्रेमकथेच्या वाचकाला भेट हवी असते, ती द्या. पण एक आकडेमोड करा: वैशाख १९४० ते बोटीत बसेपर्यंत या दोघांनी एकत्र घालवलेले दिवस किती? रजेचे दिवस, त्यातून तिचं माहेरी जाणं वजा, लोकलाजेनं वेगळं राहणं वजा. मी एका हस्तलिखितासाठी असा हिशोब केला तेव्हा तो एक्केचाळीस दिवसांवर आला. एक्केचाळीस दिवसांचा संसार आणि चार वर्षांची ताटातूट. दारात आलेला माणूस तिला अनोळखी आहे. तोही पंधरा वर्षांच्या पोरीला सोडून गेला होता, समोर वीस वर्षांची बाई उभी आहे, जिनं शेत सांभाळलं, लेव्हीच्या माणसांशी हुज्जत घातली, आणि कुणास ठाऊक, मधल्या काळात मास्तरांकडून अक्षरं शिकली. तिला आता वाचता येतं हे त्याला कधी कळतं? तो पुढचं पत्र, साध्या बाजाराच्या गावाहून का असेना, पहिल्यांदा थेट तिच्या नावावर पाठवतो का? तुमची प्रेमकथा या दारापासून सुरू होते, असं मला वाटतं. निदान शेवटची ऐंशी पानं तिला द्या.

साठ पानं फाडू नका, बाजूला ठेवा. त्यांतली दहा-बारा पुढे उपयोगी पडतील, मुख्यतः बैलांची. आधी कॅलेंडर करा आणि आत्यांकडे जा. जाताना पत्रं नेऊ नका, ती त्यांनी लहानपणी ऐकून पाठ केलेली असतील आणि त्या तेच पाठ म्हणून दाखवतील. सात कुपणं न्या, समोर ठेवा, आणि एवढंच विचारा की ही आईकडे कशी आली.